चालू गाडीचं बॅटरीचं टर्मिनल काढू नका

"गाडीची बॅटरी सारखी उतरते? मेकॅनिककडे पैसे घालू नका, हे पाच उपाय करा." हा मेसेज सध्या आपल्याकडच्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. अंबाजोगाईच्या आमच्या दाजींनी तो वाचून पहिलाच उपाय करून पाहिला. गाडीचा मीटर बंद पडला, आणि दुरुस्तीचं बिल नव्या बॅटरीपेक्षा जास्त आलं. विचारलं तर म्हणाले, "मेसेजमधी तसंच लिहिलं होतं की." आता तोच मेसेज मला पुन्हा दुसऱ्या ग्रुपवरून आलाय.

पहिला उपाय असा: इंजिन चालू ठेवून निगेटिव्ह टर्मिनल काढा. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) चांगला, बंद पडली तर खराब.

हे साफ चूक आहे आणि धोक्याचं आहे. अल्टरनेटर करंट देत असतो आणि उतरलेली बॅटरी त्यातला बराचसा घेत असते. ती अचानक बाजूला केली की त्या करंटला जायला वाट राहत नाही आणि व्होल्टेज एकदम उसळतं. किती उसळतं? गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या चाचण्यांसाठी आयएसओ १६७५०-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. १२ व्होल्टच्या गाडीत हा झटका अडवायची सोय नसेल, तर तो ७९ ते १०१ व्होल्टचा धरून चाचणी घ्या, असं त्यात सांगितलंय. आजच्या बऱ्याच अल्टरनेटरांत झटका दाबणारे डायोड असतात, त्यामुळे दर वेळी काही जळतंच असं नाही. म्हणूनच "मी केलं, मला काही झालं नाही" म्हणणारे भेटतात. पण तुमच्या गाडीत काय आहे हे बघायला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, पणाला लावायचा का?

बरं, एवढं करून कळतं तरी काय? अशक्त अल्टरनेटरवरही इंजिन नुसतं फिरत राहू शकतं. अल्टरनेटर तपासायचा तर मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) बॅटरीच्या दोन टोकांना लावा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही काढायची गरजच नाही.

एक गोष्ट मान्य करतो. जुन्या डिझेल जीप, काळी-पिवळी ट्रॅक्स यांचा डिझेल पंप मेकॅनिकल होता. एकदा चालू झाली की बॅटरी काढली तरी गाडी चालायची, आणि जुने मिस्त्री असं करायचे हे खरं आहे. त्या गाड्यांत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक फारसं काही नव्हतं. आजच्या गाडीत सगळं इलेक्ट्रॉनिकच आहे.

दुसरा उपाय: पाणी कमी झालं तर बोअरचं पाणी उकळून गार करून टाका, नाहीतर थोडं ॲसिड टाका. आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तो रोज दिसतो ना? उकळल्यानं थोडा क्षार खाली बसतो, पण बाकीचे क्षार आणि क्लोराइड पाण्यातच राहतात आणि प्लेटा खातात. बॅटरीतून उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. वरून ॲसिड ओतलं तर ते तीव्र होऊन प्लेटा लवकर संपतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर टाका.

तिसरा, रोज पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवा. गाडी दिवसेंदिवस उभी ठेवू नये इतकं यात बरोबर आहे. पण पाच मिनिटं जागेवर चालवून उतरलेली बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. चौथा, बॅटरीत ॲस्पिरिनच्या गोळ्या: त्यातून तयार होणारं आम्ल शिसं खातं, टाकूच नका. पाचवा, सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते: आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही.

आणि बॅटरी वारंवार उतरण्याचं जे नेहमीचं कारण, म्हणजे गाडी बंद असताना कुठेतरी करंट खाल्ला जाणं, त्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही. दाजींच्या गाडीत तेच होतं. तपासायची रीत अशी. गाडी बंद करा, बॉनेट उघडं ठेवा, दाराची कडी स्क्रूड्रायव्हरनं दाबून दार बंद असल्याचं गाडीला भासवा आणि अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी यंत्रणा झोपते. मग निगेटिव्ह काढून टर्मिनल आणि बॅटरीच्या मधे मीटर १० अँपिअरवर लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. दाजींच्या गाडीत ०.४२ येत होतं. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या वेगानं साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी गळतो. एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिकच्या फ्यूजला आकडा धाडकन खाली आला. गाडी सजवणाऱ्यानं अॅम्प्लिफायरची रिमोट वायर (तो चालू-बंद करणारी) थेट पॉझिटिव्हला जोडली होती. ती चावीच्या लाइनवर घेतल्यावर ०.०३ राहिलं.

फ्यूज काढूनही आकडा उतरत नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. आतला डायोड गेला असेल तर तोच रात्रभर करंट खातो.

करंटची ही चोरी सापडल्यावरही बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, काही तास ठेवा, मग मोजा: १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल किंवा भरूनही १०.५ वरच अडकत असेल, तर बॅटरी संपलीय, बदला. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांत प्लेटा लवकर गंजतात, म्हणून तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीची ही तपासणी उन्हाळ्याआधीच करून घ्या.