सेल घातला की चालेल

जुन्या वस्तूंच्या दुकानात घड्याळं कधी ओळीने मांडलेली नसतात. ती एका डब्यात असतात. डब्यात घड्याळांच्या सोबतीला किल्ल्यांच्या साखळ्या, एखादा कॅल्क्युलेटर, चष्म्याची एक काडी आणि जोडीदार हरवलेलं कानातलं असतं. सगळे पट्टे एकमेकांत असे गुंतलेले असतात की एक घड्याळ उचलावं तर सात वर येतात. ती सोडवताना कुणाच्या तरी बकलाची पिन आपल्या नखात शिरते. माझ्या छंदाची सुरुवात दर वेळी अशी रक्ताने होते.

याला कारण २०१५ सालची एक बातमी. अमेरिकेत फीनिक्स शहरात एक गृहस्थ अशाच एका दुकानात गोल्फची ढकलगाडी शोधायला गेला होता. गाडी मिळाली नाही, म्हणून त्याने सहज घड्याळांकडे नजर टाकली. तिथे त्याला लकुल्त्र कंपनीचं पाणबुड्यांसाठी बनवलेलं, पाण्याखाली गजर देणारं जुनं घड्याळ दिसलं. चिठ्ठीवर किंमत होती ५.९९ डॉलर. ते त्याने पुढे ३५,००० डॉलरला विकलं.

ही बातमी मी वाचायला नको होती. तिचा माझ्यावर असा परिणाम झाला की डबा दिसला की मला आत ते घड्याळ असल्याचा वास येतो. बरीच वर्षं हुडकून एकही हाती लागलं नाही तेव्हा मी बातमी पुन्हा नीट वाचली आणि माझी चूक लक्षात आली. तो गृहस्थ घड्याळ शोधायला गेलाच नव्हता. तेव्हापासून मीही दुकानात शिरताना मोठ्याने "इस्त्री आहे का?" असं विचारतो. लकुल्त्र अजून मिळालेलं नाही. इस्त्र्या चार झाल्या.

दुकानाच्या काकांना घड्याळातलं काही कळत नाही, आणि मला फार कळतं, अशी आमची समजूत आहे. म्हणजे माझी. कुठलंही बंद घड्याळ त्यांच्यापुढे धरलं की काका एकच वाक्य म्हणतात, "सेल घातला की चालेल." एकदा मी किल्लीचं घड्याळ त्यांच्यापुढे धरून त्यांना सगळं शास्त्र समजावलं. म्हटलं, काका, सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यावरून सेकंद मोजले जातात. क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ला विकायला काढलं, आणि त्यानंतर लोकांनी हळूहळू किल्लीची घड्याळं कपाटात टाकली. हे त्यातलंच. याला सेल नसतो. यात पोलादी पट्टीची गुंडाळी असते, ती आपण किल्ली देऊन आवळायची. काकांनी सगळं मान हलवत ऐकलं, घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. सेल घातला की चालेल."

माझ्या ज्ञानाबद्दल एक तक्रार मात्र आहे. ते येतं, पण दर वेळी एक खरेदी उशिरा येतं.

मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं कोरलेलं असलं की मला वाटायचं, वा, घड्याळ स्टीलचं. असं एक घेतलं, महिनाभर मनगटावर मिरवलं, आणि कडेकडेने आतलं पितळ पिवळं हसू लागलं. तेव्हा कळलं की त्या तीन शब्दांतला महत्त्वाचा शब्द 'बॅक' आहे. पाठ तेवढी स्टीलची, बाकी देहाला मुलामा. कंपनी खोटं काहीच बोललेली नव्हती. मीच दोन शब्द वाचून थांबलो होतो.

मग 'सतरा ज्वेल्स'. हे डायलवर वाचून ज्याच्या मनात एकदाही सोनाराचं दुकान आलं नाही, तो माणूस साधुसंत समजावा. माणकं असतात, हे खरं. चाकांच्या आसांची टोकं त्यांच्या भोकांत फिरतात, म्हणजे घर्षण कमी होतं आणि झीज होत नाही. पण ती कारखान्यात बनवलेली. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणकं बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून त्यांना कोणी हुंगत नाही. किल्लीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात. पण १९६०च्या दशकात काही कंपन्यांनी आकडा फुगवत शंभरापर्यंत नेला. त्यातली कित्येक माणकं काहीही न करता आत नुसती बसलेली असत. अशी पदं कार्यालयांतही असतात, पण ती डायलवर छापत नाहीत.

घड्याळ जिवंत आहे का हे पाहायची माझी पद्धत अशी: किल्लीला दोन वळसे द्यायचे आणि घड्याळ कानाला लावायचं. जुन्या घड्याळाची टिकटिक बहुधा तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच. भर दुकानात डोळे मिटून, कानाशी मूठ धरून, ओठांनी काहीतरी पुटपुटणाऱ्या माणसापासून लोक आपली मुलं लांब ओढतात. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारं असेल तर हलवून बघायचं, आतलं वजन फिरल्याचा घरघराट ऐकू येतो. एकदा असा भरघोस आवाज आला, मी खूश होऊन घड्याळ घेतलं. उघडल्यावर कळलं की वजन जागेवर घट्ट होतं, फिरत होता तो सुटलेला स्क्रू.

सेकोच्या घड्याळाचं वय काढता येतं, हे कळल्यावर तर मी मागची झाकणं वाचत सुटलो. नंबरातला पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना. माझ्या घड्याळावर पहिला आठ, दुसरा तीन. मार्च १९७८! माझ्या लेकीला बोलावून सांगितलं. तिने विचारलं, "अठ्ठ्याऐंशी कशावरून नाही?" मी म्हटलं, "असं कसं असेल?" मग शोधलं. आतलं ७००९ नंबरचं मशीन दोन्ही दशकांत बनत होतं. तेव्हापासून ते घड्याळ माझ्या खणात दहा वर्षांच्या फरकाने दोन वाढदिवस घेऊन पडून होतं.

पण सगळ्यात जास्त घाबरवलं ते एका छोट्याशा काळ्या डायलच्या घड्याळाने. आकडे जाडसर, रंग करपल्यासारखा, काट्यांच्या खाली डायलवर तांबूस डाग. अंधारात चमकत नव्हतं म्हणून मी रंग गेलाय असं समजून ते उशाशी ठेवून झोपत होतो. पुढे वाचनात आलं की एके काळी हा चमकणारा रंग रेडियम घालून करत. न्यू जर्सीच्या कारखान्यात १९२०च्या सुमारास तो लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यांचे जबडे झिजले, कित्येकींचा त्यात जीव गेला. रंगातला चमकणारा जस्ताचा क्षार काही वर्षांत दमतो. रेडियम दमत नाही. ते निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. लेकीने हिशेब केला, "म्हणजे साल साडेतीन हजार उलटून गेल्यावरही हे अर्धं विषारी असेल, आणि वेळ मात्र आजच दाखवत नाही." झाकण उघडायचं नाही, आतली धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवून मी ते हातमोजे घालून एका बंद डब्यात ठेवलं. पुढच्या काळात रेडियमच्या जागी ट्रिटियम आलं, ते बारा-साडेबारा वर्षांतच निम्मं होतं, आणि डायलच्या तळाशी बारीक 'टी' छापलेला असतो. तो 'टी' शोधायला मी डोळ्याला लावायचं भिंग विकत घेतलं. अर्थात ते घड्याळ घेतल्यानंतर.

हे सगळं शेवटी जाऊन थडकतं ते आमच्या घड्याळजींपाशी. म्हातारे आहेत, बोलतात अगदी कमी. घड्याळ उघडतात, भिंगातून बघतात आणि "हं" म्हणतात. इतक्या वर्षांत मी त्यांच्या 'हं'च्या जाती ओळखायला शिकलोय. छोटा 'हं' म्हणजे धूळ. लांब 'हं' म्हणजे गंज. नाकातून आलेला 'हं' म्हणजे, अगोदर कुणीतरी हे उघडून यात शिवणयंत्राचं तेल ओतलंय. आणि 'हं' न म्हणता त्यांनी झाकण परत लावलं, तर आपण गुपचूप घड्याळ खिशात टाकून हवापाण्याबद्दल बोलायचं.

तर, केसाचं घड्याळ. ते दिसायला देखणं होतं, हस्तिदंती डायल, बारीक सोनेरी काटे, किल्लीचं. काचेवर तीन आणि चारच्या मध्ये एक नाजूक वाकडा ओरखडा होता. जुन्या काचा ॲक्रिलिकच्या असतात, ओरखडे टूथपेस्टने घासून निघतात, हे मला माहीत होतं, आणि या खेपेला खरेदीच्या आधीच माहीत होतं, त्यामुळे मी फार आनंदात होतो. दोन तास घासलं. काच अशी लखलखली की ओरखडा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसायला लागला. भिंग लावलं. तो ओरखडा नव्हता. आत, डायलवर पडलेला एक केस होता.

घड्याळजींनी उघडलं. 'हं' म्हणाले नाहीत. बॅलन्सची, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, दांडी तुटली होती. "मिळेल का?" म्हटलं. "अशाच मशीनचं दुसरं घड्याळ आणा, त्यातली काढून घालतो."

सात महिन्यांनी मला तसंच दुसरं घड्याळ सापडलं. विजयी मुद्रेने त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उघडलं, किल्ली दिली, ते चालू झालं. घड्याळजी एकदा त्या घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. जिवंत माणसाचं काळीज काढून मेलेल्यात घालायला मी निघालो होतो, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. "निदान केस तरी काढून द्या," मी म्हटलं. ते म्हणाले, "कुणाला बघायचाय?"

त्या रात्री मी खण उपसला. रेडियमवाल्याचा डबा बाजूला ठेवला, आणि पितळ निघालेलं, वयाची शंका असलेलं, स्क्रू फिरणारं, केसाचं अशी अकरा घड्याळं पिशवीत भरून दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात देऊन आलो. तसंही लोक नको असलेलं सामान तिथे आणून देतातच. वर दोन इस्त्र्याही दिल्या. परत येताना इतकं हलकं वाटत होतं की तीन आठवडे मी त्या रस्त्याने गेलोच नाही.

चौथ्या आठवड्यात गेलो. नुसता बघायला. डब्यापाशी एक गृहस्थ उभे होते, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी नखाला पिन टोचून घेतली, बोट चोखलं, आणि ढिगातून नेमकं केसाचं घड्याळ वर काढलं. भिंग लावून बघू लागले. बघतच राहिले. उलटं केलं, झाकण बघितलं, किल्ली फिरवून कानाला लावलं, डोळे मिटले. मग ते अगदी सावकाश डब्यात ठेवून, त्यावर एक कॅल्क्युलेटर ओढून, निवांतपणे पुस्तकांच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे पोचल्यावर मोठ्याने विचारलं, "इस्त्री आहे का?"

ही चाल माझी होती. म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं होतं. मला जे सात महिन्यांत आणि घड्याळजींना सबंध जन्मात दिसलं नाही, ते त्यांना दिसलं होतं. डायलवरचं एखादं अक्षर? झाकणाच्या आतला शिक्का? कुणास ठाऊक, केसच कुणा मोठ्या माणसाचा असेल! फीनिक्सच्या त्या दुकानात ते लकुल्त्र नको म्हणून देऊन टाकणारासुद्धा कुणीतरी होताच ना? त्याचं नाव बातमीत नव्हतं.

ते पुस्तकांकडून वळायच्या आत मी कॅल्क्युलेटर बाजूला सारून घड्याळ मुठीत घेतलं आणि काकांपुढे जाऊन उभा राहिलो. पैसे काढताना हात थरथरत होता.

काकांनी ते दिव्याखाली धरलं. "बंद आहे हं हे," ते म्हणाले, "पण सेल घातला की चालेल."

"कुठला सेल?" मी विचारलं.

"चपटा," काका म्हणाले.