म्हणे कुणीही वकीलपत्र घेऊ नये

सकाळी सकाळी दहावीच्या ग्रुपवर फॉरवर्ड. कुठल्याशा तालुक्याच्या वकील संघाचा ठराव, की कोयत्याने वार करणाऱ्या आरोपींचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. खाली अंगठ्यांची रांग. आमचा एक मित्र स्वतः चेक बाऊन्सच्या केसमध्ये तीन वर्षं तारखा करतोय, तो लिहितो, 'असल्यांना वकील कशाला? चौकात फोडा.'

चहा गार झाला माझा.

आमच्या अण्णांवर भारतीय दंड संहितेचं कलम ३२६ लागलं होतं. माझे सख्खे काका. २०११ चा पावसाळा, बांध कोरण्यावरून भांडण, शेजारच्या तात्यांचा हात मोडला. फिर्यादीत आलं, 'कोयत्याच्या धारेने वार केला'. झालं! धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, जास्तीत जास्त जन्मठेप. अण्णा सव्वीस दिवस आत. गिरणीवर आमचं दळण सगळ्यात शेवटी लागायचं. तेव्हा असा ठराव झाला असता तर गावाने पेढे वाटले असते.

एका म्हाताऱ्या वकिलांनी केस घेतली. उलटतपासणीत त्यांनी सरकारी डॉक्टरांना त्यांचंच सर्टिफिकेट मोठ्याने वाचायला लावलं. 'कठीण व बोथट वस्तूने.' कापल्याची जखम? नाही. पाच जणांनी 'डोळ्यांनी पाहिलेली' धार तिथेच बोथट झाली. पंच म्हणाला, सही ठाण्यात बसून केली, कोयता कुठून काढला ते मी पाहिलंच नाही.

वकील म्हणजे गुन्हेगाराला सोडवणारा, असं ज्यांना वाटतं त्यांना एक सांगते, जे घराबाहेर कधी बोलले नाही. अण्णांनी काठी मारली होती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आणि ते सुटले नाहीतच! ३२६ गळलं, ३२५ उरलं, म्हणजे धोकादायक हत्याराशिवायची गंभीर दुखापत, कारण हाड मोडलं ही गंभीर दुखापतच. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं आणि तात्यांना भरपाई द्यायला लावली. जन्मठेपेचं ३२६ टिकलं असतं तर तो बाँड मिळालाच नसता. काठीची शिक्षा काठीएवढी झाली, कोयत्याएवढी नाही. वकिलांनी केलं ते एवढंच.

हो, पैसेवाल्यांचे वकील साक्षीदार फितवतात, तारखांवर तारखा घेतात. मान्य. पुढे.

असे ठराव बेकायदा आहेत हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, कोइमतूरच्या वकिलांच्या ठरावावरून. पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, आता बऱ्याच जिल्ह्यांत त्यासाठी लोकअभिरक्षक कार्यालयंही आहेत. हे वकिलांना माहीत नाही? तरी ठराव करतात, कारण टाळ्या मिळतात. कसाबच्या वेळीही मुंबईत हेच चाललं होतं. त्याच खटल्यातला सहआरोपी फहीम अन्सारी, त्याचं वकीलपत्र घेतलेल्या शाहिद आझमींना फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या. मे महिन्यात त्यांचा अशील पुराव्याअभावी निर्दोष सुटला, आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं. त्यांनी नको म्हटलं असतं तर?

आता कलमांचे आकडेही बदललेत. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ३२६ चं ११८ झालं. अण्णा मात्र अजून 'तीनशे सव्वीस' म्हटलं की टीव्हीचा आवाज कमी करतात.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. कारण तात्यांचा तो हात अजून पूर्ण वळत नाही. मागच्या दिवाळीला तात्यांच्या घरच्या काकू बांधावर भेटल्या, फराळाचा डबा दिला मी, त्यांनी घेतला. डोळ्याला डोळा दिला नाही त्यांनी. मीही नाही. आमच्या वकिलांनी कोर्टात त्यांना खोटं पाडलं, ते त्या आयुष्यभर विसरणार नाहीत, आणि का विसरावं? त्यांच्या नवऱ्याचा हात तर खरंच मोडला होता. त्यात कोयता घुसडायला त्यांना कुणी शिकवलं, ते मला कधी कळलं नाही.

त्या चेक बाऊन्सवाल्याला मघाशी पर्सनलवर विचारलं, 'तुझं वकीलपत्र कुणी घेतलंय रे?' निळी टिक आलीय. उत्तर नाही.