खुलासा : स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक

पुण्यातील सदाशिव पेठ आणि नवी पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षार्थींच्या व्हॉट्सॲप गटांवर सामान्यज्ञानाची एक यादी फिरत असून, तीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लिअँडर पेस यांनी १९९६ मध्ये मिळवून दिले, असे नमूद केले आहे. हे विधान चुकीचे आहे.

तो मान कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव यांचा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी प्रदीर्घ लढत देऊन ते मॅटवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध उभे करण्यात आले. नियमानुसार मिळायला हवी असलेली विश्रांती मागण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, हेही परीक्षार्थींनी जरूर वाचावे.

पेस यांचे अटलांटातील टेनिसचे कांस्यपदक त्यानंतर ४४ वर्षांनी आले. त्याचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. नॉर्मन प्रिचर्ड यांची १९०० मधील दोन रौप्यपदके मात्र स्वातंत्र्यपूर्व काळातील असल्याने या प्रश्नात येत नाहीत.

ज्यांनी ही यादी पुढे पाठवली आहे, त्यांनी त्याच गटांवर कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.