तीन सेकंदांची खडखड

माझी गाडी सकाळी खडखडते, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, थंडीमुळे. तर आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. गोव्यात थंडी नसते. साखळीत वाळवंटीच्या काठाला जानेवारीत सकाळी धुकं पडतं, आमची आई कानाला स्कार्फ बांधते, पाव विकणारा पोदेरसुद्धा स्वेटर घालून भोंपू वाजवत येतो, सगळं मान्य. पण म्हणून ती थंडी होत नाही. विशीच्या आसपासच्या पाऱ्याला थंडी म्हणणाऱ्या माणसाने माझ्या इंजिनाचं निदान करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर आवाज. सकाळी पावणेसातला चावी फिरवली की खर्रर्र. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून हलवावेत तसा. मोजून तीन सेकंद, कधी चार. मग एकदम शांत, जणू काही घडलंच नाही. दिवसभरात पुन्हा कितीही वेळा चालू करा, हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसातला पुन्हा खिळे. शेजारच्या काकींनी तर परवा विचारलंच, "अरे, गाडीत भांडी ठेवतोस काय?"

आता हा आवाज मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, ऐकवायचा कसा? गॅरेज उघडतं साडेनऊला. गाडी तिथे नेईस्तोवर इंजिन तापलेलं. मेस्त बॉनेट उघडतो, कान लावतो, रेस कर म्हणतो, आणि हात पुसत विचारतो, "पात्रांव, आवाज खंय आसा?" अरे बाबा, आवाज घरी आहे! मोबाईलवर रेकॉर्ड करून नेला, तर म्हणे मोबाईलवर सगळ्याच गाड्या अशा वाजतात.

शेवटी गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली. इंजिन गार राहील, सकाळी उघडल्या उघडल्या चालू करा, मी येईपर्यंत हात लावू नका, असं दोनदा बजावलं. सकाळी बसने गेलो. गाडी रस्त्याच्या पलीकडे सावलीत उभी. "ती रिव्हर्स काढली मघाशी, आत जागा नव्हती." बॉनेटवर हात ठेवला तर गरम! त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

न ऐकता निदान मात्र प्रत्येकाकडे तयार. एकाने टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट जुळवणं, केलं, पैसे घेतले, खडखड जागच्या जागी. दुसरा म्हणाला इंजिनाचा बेल्ट. बेल्ट चिरकतो हो, चीं करतो, खिळे नाही वाजवत! तरी चालू गाडीच्या बेल्टवर सकाळी पाण्याचा फवारा मारून बघितला. दोष बेल्टचा असता तर आवाज बदलला असता. ढिम्म. तिसऱ्याने आतली टायमिंग चेन वाजतेय म्हणून थेट इंजिन खोलायची तयारी दाखवली. पुण्याचे भावोजी फोनवर म्हणाले, पाच मिनिटं उभी ठेवून गरम कर, मग काढ. आवाज चावी फिरवल्याबरोबर येतो आणि तीन सेकंदांत जातो. उरलेली चार मिनिटं सत्तावन्न सेकंद मी काय गाडीची आरती करू?

आणि सगळ्यांचं पालुपद एकच, "थंडी न्हय, येतलोच आवाज." म्हणजे थंडी आहे ना, आवाज येणारच. हा आवाज सुरू झाला दिवाळीला, नरकासुराच्या आठवड्यात, सर्व्हिसिंग करून आणल्यापासून. तेव्हा रात्रीसुद्धा घाम फुटत होता. इंजिन 'गार' म्हणजे रात्रभर बंद असलेलं, एवढं साधं आहे. बाहेर मे महिना असला तरी ते सकाळी गारच.

मग एकदा चिडून स्वतःच नीट बघितलं. चावी फिरवली, आणि कान सोडून डोळे मीटरवर ठेवले. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा. खडखड चालू आहे तोवर तो पेटलेला, आणि तो विझतो त्याच क्षणी खडखड बंद. तीन दिवस बघितलं, तीनही दिवस तेच. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर ऑइल बरोबर दोन खुणांच्या मध्ये. म्हणजे ऑइल आहे, पण वर पोचायला उशीर होतोय, आणि तोवर वरचा भाग कोरडा वाजतोय. चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर चालतो.

उशीर का? माझ्या गाडीत ऑइल फिल्टर आडवा बसतो. त्याच्या आत रबराची एक झडप असते, गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून. स्वस्तातल्या फिल्टरची झडप नीट धरत नाही. रात्रभरात फिल्टर रिकामा, सकाळी आधी तो भरणार, मग पुढे दाब. दिवाळीच्या बिलात फिल्टरची किंमत पूर्ण लावलेली. वाकून बघितलं तर त्यावर कंपनीचं नावसुद्धा नाही! वर ऑइल घातलेलं 20W-50, "गोव्याच्या गरमीत जाड ऑइलच बरं." मॅन्युअलमध्ये 5W-30 लिहिलंय. W म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं गार असताना ऑइल पातळ. म्हणजे हेच लोक ऑइल घालताना गोव्याला गरम म्हणतात आणि आवाज आला की थंड!

ओरिजिनल फिल्टर आणला, ऑइल बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पावणेसातला चावी फिरवली, दिवा लगेच विझला, खिळा एकही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

टॅपेटचे पैसे परत मागायला गेलो. मेस्ताने शांतपणे ऐकून घेतलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "पात्रांव, आतां थंडी गेली न्हय, म्हूण आवाज गेलो."