वांझोटी

"मूलच नाही, तर बाईच्या जन्माला येऊन मिळवलं काय?" असं कुणीतरी लिहितं आणि खाली दोन दिवस भांडण पेटतं. मग बाजू घ्यायला आलेले दुसरे लोक आयांनाच 'पोरं काढायचं मशीन' म्हणून हिणवतात. मला दोघांचाही संताप येतो. बाईची किंमत दोघेही तिच्या गर्भाशयावरूनच ठरवतात.

माझ्या मैत्रिणीची आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, तिसरी खेप चालू आहे. (तिला विचारूनच लिहितेय.) रोज ठरलेल्या वेळी ती पोटावर बर्फ फिरवते, बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरते आणि सुई टोचून घेते. आधीच्या सुयांचे डाग हिरवे-पिवळे पडलेत, नवी जागा शोधावी लागते. परवा मी शेजारीच बसले होते. तिच्या फोनवर असलाच एक वाद उघडा होता. सुई बाजूला ठेवून तिने विचारलं, "खरंच सगळे असंच समजतात का गं?"

तिच्या नवऱ्याचे शुक्राणू कमी आहेत. सुया मात्र तिला. घरचे टोमणेही तिलाच, कारण नवऱ्याला कमीपणा नको म्हणून ती गप्प राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की जगात साधारण दर ६ प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. पण आपल्या भाषेत 'वांझ' ती, 'वांझोटी' ती. त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यातला असा एक शब्द सांगा बरं. निष्फळ चर्चेलासुद्धा आपण 'वांझोटी चर्चा' म्हणतो! मीही कित्येकदा लिहिलंय. आता नाही लिहिणार.

आणि जिला मूल नकोच आहे, तिने कुणाला कारण का द्यावं? मुलं किती आणि कधी, हे ठरवण्याचा बाईला पुरुषाइतकाच हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या स्त्रियांविषयीच्या करारातच लिहिलंय. तरीही "कधी देताय गोड बातमी?" हा प्रश्न तिलाच. मूल होऊन रात्र-रात्र रडणाऱ्या बाईलाही "आता काय कमी आहे तुला?" असं ऐकवणारे हेच लोक.

उद्या सकाळी मैत्रिणीची सोनोग्राफी आहे, मी सोबत जातेय. त्या दिवशी तिच्या प्रश्नाला मी घाईघाईने "नाही गं" म्हटलं होतं. ही पोस्ट ती वाचणार आहे. खाली तुम्ही जे लिहाल, तेही.