‘दहा मिनिटांत अंदाजपंचे’ या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

आजोबांचा ग्लास किती जुना आहे ते तपासायला तुम्ही माझ्याकडे दिला होतात, त्याबद्दलचा तुमचा एका स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. आधी माफी मागतो. ग्लास परत देताना मी मध्येच फोन घेतला, तो घ्यायला नको होता. आणि आजोबांची वस्तू तुमच्या हातात असताना “असे बरेच येतात” हे बोलायचं नव्हतं. (तुम्ही “ढिगाने येतात” असं लिहिलंय. ढिगाने हा शब्द माझा नाही. पण असू दे.)

त्या दहा मिनिटांवर मात्र गप्प बसवत नाही. “दहा मिनिटं बघितल्यासारखं केलं, अंदाजपंचे नक्कल म्हणून सांगितलं आणि पूर्ण फी घेतली,” असं तुम्ही लिहिलंत. ती दहा मिनिटं ग्लास परत देतानाची होती, ताई. ग्लास तुम्ही आदल्या दिवशी दुपारी ठेवून गेला होतात. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी त्याच्यापाशी अडीच तास बसलो. यूव्ही दिव्याला काळोख लागतो, दुकान चालू असताना ते काम होत नाही. त्यामुळे ते तुम्हाला दिसलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं, हे कबूल.

तुमचं म्हणणं होतं, देठात (वाटी आणि बैठक जोडणाऱ्या दांडीत) काचेच्या पांढऱ्या धाग्यांचा पीळ आहे म्हणजे ग्लास १७६० च्या आसपासचा. इंग्लंडमध्ये पांढऱ्या पिळाचे देठ साधारण १७५५ ते १७८० या काळात चलतीत होते, हे बरोबर. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या धर्तीवर तसेच ग्लास पुन्हा बनले. म्हणून पीळ दिसला की माझं काम सुरू होतं, संपत नाही.

त्या काळच्या इंग्लिश ग्लासात शिसं सापडायला हवं. रेव्हनस्क्रॉफ्ट या इंग्लिश काच बनवणाऱ्याने १६७४ मध्ये पेटंट घेतल्यानंतर तिथे शिशाची काच रुळली. त्या यूव्ही दिव्याच्या शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड लहरींच्या, प्रकाशात ती निळसर दिसते. तुमचा ग्लास हिरवट-पिवळा दिसला. शिशाची काच टिचकी मारली की घुमते म्हणतात, पण त्या नादावर मी फारसा विसंबत नाही, आकार बदलला की नादही बदलतो. म्हणून ग्लास आधी कोरडा तोलला, मग पाण्यात बुडवून तोलला, आणि आकडा पटेना म्हणून पुन्हा सगळं केलं. शिसं असतं तर घनता (पाण्याच्या किती पट जड, ते) ३ च्या आसपास किंवा वर आली असती. आली २.५, म्हणजे शिशाऐवजी सोडा घातलेली, सोड्याची काच. तरीही मी लगेच “नक्कल” लिहिलं नाही, कारण इंग्लंडबाहेर युरोपात त्या काळी सोड्याच्या काचेचेही पिळाचे ग्लास झाले आहेत.

निकाल बैठकीने लावला. अठराव्या शतकातल्या ग्लासची बैठक सहसा तोंडाइतकी किंवा तोंडाहून रुंद असते आणि मध्ये उचललेली असते, कारण बनवताना ग्लास ज्या लोखंडी सळईवर धरत ती खालून तोडल्याचा खरखरीत डाग राहायचा, तो टेबलाला लागू नये. पुढे तो डाग घासून काढू लागले, तेव्हा तिथे गुळगुळीत खळगा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बैठक पकडणारा चिमटाच आला आणि डाग पडेनासा झाला. तुमच्या ग्लासला डाग नाही, खळगा नाही, बैठक सपाट आणि तोंडापेक्षा अरुंद.

हलकेपणाबद्दल तुम्ही १७४५ च्या कराचा दाखला दिलात. तो कर खरा आहे, वजनावर होता, आणि त्याने ग्लास हलके झाले असं सगळीकडे लिहिलेलंही असतं. पण करामुळे काच कमी वापरतील. काचेतलं शिसं नाहीसं होऊन घनता २.५ वर कशी येईल?

आणखी एक, राग मानू नका. आणण्याआधी तुम्ही बैठक घासणीने आणि पावडरने घासली होतीत. खऱ्या वापराचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना, टेकणाऱ्या कडेवर असतात. तुमच्या ग्लासवर सगळे एका दिशेने होते. खोटं जुनेपण आणणारे पॉलिश पेपरने असेच ओरखडे पाडतात. मला तर कुणीतरी तुम्हाला फसवलं असंच वाटलं होतं. घासणीचं तुम्ही स्वतः बोललात, म्हणून तो मुद्दा मी अहवालातून काढला. ते अभिप्रायात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

ज्यांनी नुसता फोटो बघून १७६० सांगितलं त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. फोटो तराजूत ठेवता येत नाही, एवढंच.

यापुढे काय काय तपासलं, किती वेळ लागला, याची चिठ्ठी सोबत द्यायचा विचार आहे. कशी ते ठरवतो. फोनचंही बघतो. एका स्टारने माझ्यासारख्या एकट्या माणसाची पुढची गिऱ्हाइकं थांबतात, हे फक्त कानावर घालतो.

तुमच्या ग्लासचा कापूस लावलेला डबा इथेच राहिला आहे. वर ठेवलाय, हात लावलेला नाही. केव्हाही या.