पत्त्यात ‘सेटलमेंट’ लिहावे की नाही

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. हातात नोकरीचा अर्ज होता. बाकी सगळे रकाने पेन्सिलीने भरून झाले होते, पत्त्याची ओळ तेवढी कोरी होती. “सर, पत्त्यात सेटलमेंट लिहू का नको?” त्याने विचारले, आणि कारणही त्यानेच सांगितले. आधीच्या एका ठिकाणी मुलाखत चांगली चालली होती. समोरच्या गृहस्थांनी पत्ता वाचला, फॉर्म पालथा घातला आणि ‘कळवतो’ म्हणाले. कळवले नाही. हा मुलगा पदवीधर आहे, त्याचे आजोबा सोलापुरातल्या गिरणीत साच्यावर काम करून निवृत्त झाले, आणि त्याच्या घरात कोणी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, तरी त्याला पटकन देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्यानंतर डोक्यात जे घोळत राहिले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सोलापुरात सेटलमेंट हा शब्द आपण सात रस्ता किंवा पार्क चौक म्हणावे इतक्या सहजपणे वापरतो. रिक्षावाल्याला सांगतो, लग्नपत्रिकेवर छापतो. तो एका कायद्याने निर्माण केलेला शब्द आहे, हे मात्र नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, पुढे १९११ च्या सुधारणेनंतर सगळीकडे लागू झाला. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने राजपत्रात जाहीर केले की त्या जमातीतल्या माणसांची नावे नोंदवहीत चढायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, हजेरी द्यावी लागायची आणि परवानगीच्या पासाशिवाय हद्द ओलांडणे हाच गुन्हा ठरायचा. अशा लोकांना कुंपणाच्या आत बसवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या त्यांपैकी एक मोठी वसाहत आपल्या शहरात होती. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा कितीतरी समाजांतली कुटुंबे तिथे आणून ठेवली गेली.

या कायद्यातले एक कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना योग्य आहे की अयोग्य, याची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करायची नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आरोप सिद्ध करण्याची गरज नव्हती, आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याची जागाही ठेवलेली नव्हती. जिथे न्यायालयाला प्रश्न विचारायला बंदी आहे, तिथे तो प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारत राहावे लागते. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय समाजाने का जपावेत, असे मला कोणी विचारले तर मी या कलमाकडे बोट दाखवीन.

त्या काळच्या सरकारी चर्चेत या कायद्याच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, तो सोलापूरच्या माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे. हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, त्या अर्थी पिढीजात गुन्हेगारही असलेच पाहिजेत, असे ते तर्कशास्त्र होते. ऐकायला सरळ वाटते. पण विणकराचा मुलगा विणकर होतो तो घरात माग असतो म्हणून, बाप शेजारी बसवून धोटा हातात देतो म्हणून, आणि दुसऱ्या धंद्याची दारे त्याला बंद असतात म्हणून. ही सामाजिक परिस्थिती आहे, रक्ताचा गुण नव्हे. ‘असे दिसते’ यावरून ‘हा त्याचा स्वभावच आहे’ येथे उडी मारण्याची ही चूक फार जुनी आहे. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलने मांडले, आणि सोळाव्या शतकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरील जुलूम योग्य ठरवण्यासाठी स्पेनमधल्या पंडितांनी तोच आधार काढला. आपल्याकडे जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले तेव्हा त्यांनी याच तर्काच्या मुळावर घाव घातला होता.

आणि या युक्तिवादाचे उत्तर सोलापूरनेच देऊन ठेवले आहे. सेटलमेंटमधल्या बाया-पुरुषांना येथल्या कापड गिरण्यांत कामाला लावले गेले. जन्मजात चोर म्हणून ज्यांच्या बोटांचे ठसे घेतले, त्याच बोटांनी तुटलेला धागा जोडला, बॉबीन बदलली, पाळी सांभाळली. कायदा करणाऱ्यांनी विणकराचे उदाहरण देऊन ज्यांना चोर ठरवले, ते संधी मिळताच गिरणीत विणू लागले. माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा हा त्याचा पुरावा आहे, आणि तो पुरावा आपल्या शहरात घरोघर बसलेला आहे.

इतिहास आणखी एक गोष्ट दाखवतो. कोरवा आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या भटक्या समाजांतले अनेक लोक जनावरांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य गावोगाव पोहोचवत असत. सरकारच्या मीठविषयक धोरणाने आणि रेल्वेने तो व्यापार बसला. सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. त्याच रेल्वेमुळे येथे १८७७ ची ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी उभी राहू शकली. शहराला ज्या रुळांनी पोसले, त्यांनीच कोणाचे तरी पोट मारले. पोट मारलेल्या माणसाच्या भटकण्याला पुढे गुन्हा म्हटले गेले. ही साखळी पाठ्यपुस्तकात नसते, म्हणून पत्ता वाचून फॉर्म पालथा घालणाऱ्याला ती माहीत नसते.

ज्या मातीत हे घडले तिची स्वतःची विचारपरंपरा याच्या अगदी उलट होती, याचे मला फार वाईट वाटते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खणवला. पुढे ते कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) बसवेश्वरांच्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, चळवळीत गेले, आणि तिथल्या मंडळींत चांभार, ढोर, नावाडी होते. त्यांतल्या एका शरणाचे नाव कन्नद मारितंदे. कन्न म्हणजे चोरीसाठी भिंतीला पाडलेले भगदाड, हे कन्नड जाणणाऱ्या सोलापूरकरांना सांगायला नको. परंपरा सांगते की हा गृहस्थ खरोखरच घरफोड्या होता, आणि त्याची वचने बाकीच्या शरणांच्या वचनांबरोबर आजही वाचली जातात. ज्याने खरोखर चोरी केली होती त्यालाही बदलण्याचा हक्क त्या लोकांनी दिला. सात शतकांनंतर, ज्याने काहीच केले नव्हते त्याच्या तान्ह्या मुलालाही आमच्या काळाने तो नाकारला. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा मी दरवर्षी हात जोडतो, आणि अलीकडे हेही आठवतो.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपण गेले, नोंदवहीतली सवय गेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली ती माणसे होती, भिक्षा मागत फिरत होती, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवेला विश्वास कुठून मिळाला? फिरस्ता म्हणजे संशयित, हे समीकरण दीडशे वर्षे आधीच पक्के करून ठेवले होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतले जातीवर आधारलेले आणि विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, सराईत गुन्हेगार मानणारे नियम घटनाबाह्य ठरवले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीही ती वाक्ये छापील नियमांत जिवंत होती.

मी शाळेत दरवर्षी १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी कायदा, मन लावून शिकवला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे सांगताना माझा आवाज भरून यायचा. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलांचे पणजोबा त्याच काळात, त्याच शहरात हजेरीच्या रांगेत उभे राहत होते. हे एकदाही माझ्या तोंडून निघाले नाही. अभ्यासक्रमात नव्हते हे खरे आहे, पण तेवढेच कारण नव्हते.

त्या दिवशी मी मुलाला म्हणालो, पूर्ण पत्ता लिही. नंतर लक्षात आले की त्याची किंमत मला नव्हे, त्याला मोजावी लागणार आहे, म्हणून थांबलो आणि निर्णय त्याच्यावर सोडला. त्याने थोडा वेळ पेन्सिल फिरवली, मग खिशातून पेन काढून सेटलमेंट असे स्वच्छ अक्षरात लिहिले. येत्या ३१ ऑगस्टला मी माझ्या जुन्या शाळेत या विषयावर तासभर बोलायची परवानगी मागितली आहे. तो मुलगाही येणार आहे. त्याच्या आजोबांचा गिरणीतला बिल्ला घरात आहे, तो घेऊन येतो म्हणाला.